आपोआप काहीच होत नाई

लांजेवार काकांसमोर ‘आपोआप’ हा शब्द उच्चारायला बंदी आहे.

“काका, मशीन आपोआप बंद पडलं,” असं कोणी म्हटलं की ते हातातला स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवतात, पिशवीची चेन लावतात आणि खुर्चीत हाताची घडी घालून बसतात. रागावत नाहीत, समजावत नाहीत. बोलणारा आपलं वाक्य दुरुस्त करेपर्यंत पिशवी उघडत नाही, एवढंच. एका धर्मादाय दवाखान्यात त्यांनी एका मोठ्या डॉक्टरांना असं पाऊण तास बसवून ठेवलं होतं. शेवटी डॉक्टरांना आठवलं की सकाळी मोबाइल चार्ज करायला त्यांनी स्वतःच एक प्लग काढला होता. तेव्हा काका म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पेशंट म्हनते पोट आपोआप दुखून राहिलं, तं तुमी मानता काय? विचारताच नं, काल काय खाल्लं म्हनून?”

मी पत्रकं लिहिते. वस्तीतल्या लोकांना त्यांच्या घराखालच्या जमिनीचे पट्टे मिळावेत यासाठी आमची समिती सहा वर्षं भांडते आहे, आणि त्या भांडणाची सगळी पत्रकं माझी. तज्ज्ञ माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. साध्या माणसाला दाराबाहेर उभं करून आत कुजबुजतो तो तज्ज्ञ, असा माझा अनुभव आहे. वकील असो, इंजिनिअर असो, टेबलामागचा बाबू असो. त्यामुळे लांजेवार काकांबद्दल मी इथे जे चांगलं लिहिणार आहे, ते माझ्या सवयीच्या विरुद्ध लिहिते आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावं.

काका एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या संगणक विभागातून निवृत्त झाले. धरमपेठेत दोन खोल्यांत राहतात. ज्या संस्थांना सर्व्हर सांभाळायला माणूस ठेवणं झेपत नाही, त्यांची मशीनं ते सांभाळतात. एक वाचनालय, एक मूकबधिर मुलांची शाळा, तो धर्मादाय दवाखाना, आणि आम्ही. सगळी मशीनं जुनी आणि सगळी लिनक्सवर चालणारी. बदल्यात काका बिनसाखरेचा चहा घेतात आणि बोलणी ऐकवतात.

मशीनजवळ जाताना ते चपला काढतात. आम्ही याला श्रद्धा समजून त्यावर वाद घालायच्या तयारीत होतो. काका म्हणाले, “श्रद्धा कायची वं? धूळ असते चपलीले.” मग मशीनच्या पाठीवर तळहात ठेवून ते मिनिटभर गप्प राहतात. गरम किती, थरथर किती, पंखा एका सुरात फिरतो की धापा टाकतो, हे सगळं त्या मिनिटात त्यांना कळतं. प्रत्येक मशीनची वेगळी शंभर पानी वही आहे. वहीवर मशीनचं नाव, आत त्याच्या दुखण्यांचा इतिहास. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की लिहायची, मग थांबून पाहायचं. “दोन गोष्टी संगं बदलल्या तं बरं कायनं झालं ते कोन सांगन? तुहा बाप?” हे ते मला म्हणतात, आमच्या समितीतल्या रोशनला म्हणतात आणि त्या दवाखान्याच्या विश्वस्तांनाही म्हणतात.

त्यांचं मुख्य वाक्य मात्र दुसरंच आहे. “आधी वाच, मंग हात लाव.” मशीनमध्ये जे जे घडतं ते मशीन स्वतःच तारीख-वेळेसह एका नोंदवहीत लिहून ठेवत असतं. त्याला लॉग म्हणतात. काकांच्या मते जगातली अर्धी दुरुस्ती म्हणजे ही नोंदवही वाचणं, आणि जगातले सगळे लोक ती न वाचता आधी बटण दाबतात. मशीन बंद करून पुन्हा चालू करणं या उपायाला ते ‘पुरावा मिटवणं’ म्हणतात. मला हे फार पटलं होतं. कार्यालयांनी पुरावे कसे मिटवले यावर मी तीन पत्रकं लिहिली आहेत.

आणखी एक गंमत सांगायची राहिली. काकांची सगळी मशीनं त्यांना रोज दुपारी बारा वाजता एक ईमेल पाठवतात. मी तो त्यांच्या मोबाइलवर पाहिला आहे. त्यात लिहिलेलं असतं, ‘सगळं ठीक हाय. तुमी जेवले काय?’

रोशन हसत सुटला होता. काका म्हणाले, “हसू नको गा. पयले नुसतं ‘सगळं ठीक’ येत होतं. आमची मंदा म्हने, हे कसं मशीन व्हय, आपलंच सांगते, समोरच्याले काई विचारतच नाई. मंग तिनं सांगितलं तसं टाकलं.” मंदाकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. ईमेल तसेच येत राहिले. जगात या माणसाची रोज चौकशी करणारी चार लोखंडी खोकी आहेत, असा एक विनोदही मी तेव्हा केला होता. तो मला आज आवडत नाही.

आता मे महिन्यातल्या त्या मंगळवाराकडे येते.

सदर भागात एका झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या समितीची खोली आहे. तिथल्या मशीनमध्ये वस्तीतल्या शेकडो घरांचे कागद स्कॅन करून ठेवलेले. त्यातला एक कागद पंचफुलाबाईंचा. पंचफुलाबाई सत्तरीच्या, एकट्या, मिरची कांडपाच्या गिरणीत कामाला. वस्तीच्या पहिल्या सर्वेक्षणात मिळालेली एक चिठ्ठी हा त्यांच्या घराचा एकमेव पुरावा. नाल्याचं पाणी घरात शिरलं तेव्हा मूळ चिठ्ठीचा लगदा झाला. स्कॅन तेवढा उरला. गुरुवारी अकरा वाजता त्यांची सुनावणी होती. चिठ्ठीवरचा क्रमांक दाखवला तर जुन्या रजिस्टरातली नोंद शोधणं कार्यालयाला भाग होतं. नाही दाखवला तर पट्ट्याच्या यादीतून नाव कटणार होतं.

आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता मशीन मेलं. पडदा काळा, आतून नुसती पीं पीं.

मी दहा मिनिटांत निष्कर्ष काढला. सुनावणी दोन दिवसांवर, आणि नेमकं आजच? महिनाभर दुपारी-दुपारी मशीन अडखळत होतंच. कोणीतरी बाहेरून आत शिरून आमचे कागद नासवत होतं, यात मला शंका राहिली नाही. रोशन मशीनचं बटण दाबून दाबून ते उठतं का पाहत होता, आणि मी शेजारच्या टेबलावर पत्रक लिहीत होते. ‘गरिबांचे कागद गायब करणारे हात कोणाचे?’ कोणाचे तेही मी लिहिलं होतं, कार्यालयाच्या नावासकट. इथे ते नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच. खालून पाचशे प्रती निघाल्या, गरमगरम.

एक वाजता जिना चढून लांजेवार काका आले. डोक्याला ओला दुपट्टा, सायकल खाली लावलेली. मला वाटलं रोशनने फोन केला. रोशनला वाटलं मी केला.

“बटन किती डाव दाबलं?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“एकदाच, काका,” रोशन म्हणाला.

काकांनी चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि हाताची घडी घातली.

“पाचदा,” रोशन म्हणाला.

“बरं. आन या महिन्या-दीड महिन्यात या खोलीत काय बदललं?”

“काहीच नाही,” मी म्हटलं. “काका, हा सरळ घातपात आहे. हे पत्रक वाचा.”

काकांनी पत्रक घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी करून वहीत ठेवलं आणि वहीत लिहिलं, ‘काहीच बदललं नाही असं म्हणते.’ खाली दोन रेघा मारल्या. मग मशीनच्या पाठीवर तळहात ठेवून बसले. मशीन चालू करायला लावलं, पीं पीं मोजली. तीन लांब. “मेमरी बोंबलून राहिली,” ते म्हणाले. वायर काढली, झाकण उघडलं, आणि कोणी ओट्यावरच्या पातेल्यात वाकून पाहावं तसे वाकले. मग नाक आत घालून वास घेतला.

“पत्रकवाली, इकडं ये. वास घे.”

मी घेतला. ओळखीचा, थंड, वाळ्याच्या गवताचा वास.

“याच्या पोटात खसचा वास कायचा?”

मी वर पाहिलं. मशीनपासून दीड हातावर आमचा कूलर घुं घुं करत होता; एरवी बाराला लागायचा, त्या दिवशी उकाडा जास्त म्हणून दहालाच लावला होता. एप्रिल लागल्या लागल्या तो खिडकीतून काढून मीच मशीनच्या तोंडासमोर आणून ठेवला होता. आम्ही घामाने भिजलो तरी चालेल, पण लोकांचे कागद सांभाळणारं मशीन थंड राहिलं पाहिजे, असं एक छोटं भाषणही केलं होतं. खसच्या ताट्यांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ओली हवा रोज पाच तास मशीनच्या पोटात जात होती. आतल्या धुळीचा चिखल झाला होता. मेमरीच्या पट्ट्यांच्या सोनेरी कडा हिरव्या-काळ्या पडल्या होत्या.

“पण काका, तो योगायोगही असू शकतो,” मी म्हटलं. सहा वर्षं पत्रकं लिहिलेला माणूस एका वासाने माघार घेत नाही.

काकांनी पिशवीतून शाळेतलं खोडरबर काढलं. एक पट्टी काढायची, कडा खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, ब्रशने झटकायच्या, बसवायची, मशीन चालू करून ऐकायचं, वहीत लिहायचं. मग दुसरी. घासायचं काम माझ्याकडूनच करून घेतलं. तिसऱ्या पट्टीला पीं पीं थांबली आणि पडद्यावर पांढरी अक्षरं वाहू लागली. माझे डोळे भरून आले. काकांनी नोंदवही उघडून माझ्यासमोर सरकवली.

“वाच.”

मी वाचलं. मेमरीची पहिली तक्रार एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, दुपारी. मग रोज. बारानंतर सुरू, पाचच्या सुमारास बंद.

“रविवारच्या दाखव.”

रविवारी एकही नव्हती. रविवारी खोली बंद असते. कूलरही.

“तुहा शत्रू मोठा कामगार कायद्यातला दिसते वं,” काका म्हणाले. “बाराले कामावर येते, पाचले घरी जाते, रविवारची सुट्टी घेते.”

रोशनने उठून कूलर बंद केला. खोलीत अचानक एवढी शांतता झाली की खालच्या झेरॉक्सचा आवाज ऐकू यायला लागला.

खरी भीती पुढेच होती. पाचदा बटण दाबल्याने डिस्कवरचा हिशेब विस्कटला होता. मशीनने उठताना स्वतःची डागडुजी केली, आणि ज्या फायलींचं नाव-गाव त्याला लागेना त्या ‘हरवलेलं-सापडलेलं’ अशा अर्थाच्या एका कप्प्यात नुसते आकडे देऊन टाकल्या. वस्तीच्या फोल्डरमध्ये पंचफुलाबाईंच्या नावापुढे काहीच नव्हतं. दुसरी प्रत कुठे आहे, असं काकांनी विचारू नये म्हणून मी खाली पाहू लागले. दुसऱ्या प्रतीच्या डिस्कवर आम्ही मोर्च्यांचे व्हिडिओ भरले होते. काकांनी विचारलं नाही. वहीत मात्र काहीतरी लिहिलं.

बिनानावाच्या चारशेच्या वर फायली. सगळ्या त्याच पहिल्या सर्वेक्षणातल्या, एकसारख्या पिवळट चिठ्ठ्या. शाई इतकी पुसट की बऱ्याच नावांचा पत्ताच लागेना. आम्ही बुधवारी सकाळी पंचफुलाबाईंना बोलावलं. त्यांना वाचता येत नाही. मी म्हटलं, त्यांना कशाला त्रास. काका म्हणाले, “कागद कोनाचा हाय? तिचा. वीस वर्सं पेटीत कोनं ठेवला? तिनं. तुले मालूम राहीन का तिले?”

मग पंचफुलाबाई खुर्चीत आणि काका शेजारी स्टुलावर बसले. काका एकेक चित्र उघडत. बाई पदराने नाक पुसत, मिरचीच्या गिरणीतली शिंक त्यांची कधी जातच नाही, आणि म्हणत, “हे नाई.” “हे बी नाई.” “थांब ना भाऊ, घाई काहून करतं?” काका मुकाट्याने थांबत. मी त्यांना कोणापुढे मुकाट्याने थांबताना पहिल्यांदा पाहिलं. मध्ये दोनदा चहा झाला. बाईंनी काकांना विचारलं, घरी कोण असतं. काका म्हणाले, “मशीन हाय एक.” बाई म्हणाल्या, “तेवढ्यानं भागते काय?” काकांनी पुढचं चित्र उघडलं.

दोनशे कितव्या तरी चित्राला बाई पुढे वाकल्या. “हे माहं.”

“कशावरून?” मी विचारलं. चिठ्ठीवरचं नाव वाचण्यापलीकडे गेलेलं.

“हा गोल पाह्य ना. तेलाची वाटी ठेवली होती मी त्याच्यावर. माह्या सासूनं मले शिव्या देल्या होत्या.”

काकांनी चित्र मोठं केलं. वाटीच्या गोल डागाच्या आत, तेलामुळे कागद पारदर्शक होऊन, क्रमांक बाकीपेक्षा ठळक दिसत होता. काका स्टुलावरून उठले आणि त्यांनी बाईंना हात जोडले. “बाई, तुमी लॉग बरोबर ठेवला,” ते म्हणाले. बाईंना ते कळलं नाही, पण आवडलं.

गुरुवारी सुनावणी झाली. क्रमांकावरून रजिस्टर निघालं, रजिस्टरात नोंद निघाली, नाव यादीत राहिलं. त्या पाचशे पत्रकांचं काय करायचं ते काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. “कागद कोरा नाई एका बाजूनं? मंग मागं लिही, हात कोनाचे होते ते.” मी पुढच्या मजकुरावर काट मारली आणि मागे लिहिलं, ‘कागद अडवणारे हात आमचेच होते. आमचा कूलर होता.’ वस्तीत ती वाटली. माझं एवढं वाचलं गेलेलं पत्रक दुसरं नाही. लोक आजही मला कूलरबद्दल विचारतात.

शिक्षा मात्र बाकी होती. “मशीन दीड महिन्यापासून सांगून राहिलं होतं,” काका म्हणाले होते. “त्याच्या टपालपेटीत पाह्य.” अशा प्रत्येक मशीनमध्ये एक टपालपेटी असते. काही खुपलं की मशीन आपल्या चालकाच्या नावाने तिथे चिठ्ठी टाकतं. “ते इशारे मी मुद्दाम तुमच्याच पेटीत टाकले, माह्या नाई. मी किती दिवस पुरन तुमाले? पन ती पेटी कोनी उघडतच नाई. दुनियेत कोनी उघडत नाई.” मी शब्द दिला होता की सगळी वाचीन. शुक्रवारी सकाळी मी पेटी उघडली.

हजारो चिठ्ठ्या. मेमरीचे इशारे होते, ओळीने, रोज दुपारचे. पण त्यांच्या मधेमधे दुसऱ्याच चिठ्ठ्या दिसायला लागल्या. पाठवणारं मशीन नव्हतं. लांजेवार काका होते. बारा वाजता मशीन जे विचारायचं, त्याला दिलेली उत्तरं.

‘जेवलो. वांग्याची भाजी, पोळी.’

‘जेवलो. भिवापुरी तिखट घातलं, अंदाज चुकला. मंदा चिमूटभरच घालत होती.’

‘आज नाई जेवलो. खोटं कायले सांगू.’

‘पोहे.’

‘वरण-भात जमून राहिला आता.’

मी मागे मागे गेले. पहिलं उत्तर दोन वर्षांपूर्वीचं होतं. मंदाकाकू गेल्या त्याच्या पुढच्या आठवड्यातलं. ‘जेवलो’ एवढंच. तिथपासून एकही दिवस चुकलेला नव्हता.

शेवटी मी त्या मंगळवारच्या चिठ्ठीवर आले. वेळ दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. मेलेल्या मशीनच्या दारात ती काही तास ताटकळत राहिली असणार, ते उठल्यावर आत आली.

‘आज तुहा निरोप नाई आला. काहून? थांब, मी येऊन राहिलो.’

मला तेव्हा कळलं की त्या दिवशी त्यांना फोन कोणीच केला नव्हता.

मी पेटी बंद केली. घड्याळात साडेअकरा झाले होते. खालच्या खानावळीतून डबा भरून घेतला आणि गाडीला किक मारून धरमपेठ गाठलं. काकांनी दार उघडलं. हातात मोबाइल, डोळ्यांवर चष्मा, बाराचे ईमेल नुकतेच आलेले असावेत. मागे गॅसवर कुकर होता.

“मशीन बिघडलं काय?”

“नाही.”

“मंग तू काहून आली वं, एवढ्या उन्हाची?”

“आपोआप,” मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या डब्याकडे पाहिलं. मोबाइल खिशात ठेवला. त्यांनी हाताची घडी घातली नाही. ते आत गेले आणि मांडणीवरून दुसरं ताट काढून, दुपट्ट्याच्या टोकाने पुसत पुसत बाहेर आले.